पाळणाघर निवडताना काय पाहावे? पालकांसाठी मार्गदर्शन

बाळ सहा-सात महिन्यांचे झाले, आईची रजा संपली आणि घरात सांभाळायला कोणी नाही, की पालक पाळणाघराची चौकशी सुरू करतात. पहिले प्रश्न बहुधा फी किती, वेळ काय आणि घरापासून लांब आहे का, हे असतात. ते गरजेचेच आहेत. पण बाळ तिथे सुरक्षित राहील का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी काय पाहायचे आणि काय विचारायचे, ते या लेखात दिले आहे.

थोडक्यात
- मुले किती यापेक्षा सांभाळणारे हात किती, हे आधी पाहा.
- प्रवेश घेण्यापूर्वी किमान एक तास तिथे बसा. एकदा न कळवता जा.
- झोप, पाणी, अन्न, औषध आणि बाहेर पडायचा रस्ता या पाच गोष्टी स्वतः तपासा.
- बाळ पडले, चावले गेले, तापले तर ते आपणहून सांगणारे पाळणाघर चांगले. "आमच्याकडे कधी काही होत नाही" म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

कोणकोणते पर्याय असतात?

कोयनानगर, पाटण, हेळवाक या भागात पालकांसमोर साधारण तीन पर्याय असतात. पहिला, वसाहतीतली किंवा शेजारची एखादी काकू घरीच दोन-चार मुले सांभाळते. दुसरा, खासगी बालवाडी, जिथे शाळा सुटल्यावरही मुलांना ठेवून घेतात. तिसरा, अंगणवाडी.

अंगणवाडीबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. तीन ते सहा वर्षांची मुले तिथे रोज काही तास बसतात आणि त्यांना आहार मिळतो. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मुख्यतः घरपोच आहार, वजन-उंचीची नोंद आणि लसीकरणाचा पाठपुरावा असतो. म्हणजे नेहमीची अंगणवाडी दिवसभराच्या पाळणाघराची जागा घेत नाही. केंद्र सरकारच्या पाळणा योजनेत काही ठिकाणी अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालते. आपल्या भागात तशी सोय आहे का, हे अंगणवाडी सेविकेला किंवा तालुक्याच्या एकात्मिक बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारा.

पाटण खोऱ्यातली अनेक कुटुंबे कामासाठी मुंबई-नवी मुंबईत राहतात. तिथे नोकरी करणाऱ्या आईने आणखी एक तरतूद माहीत करून घ्यावी. कायद्यानुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येते.

सांभाळणारे हात किती?

बाळाच्या सुरक्षिततेचा सगळ्यात मोठा भाग इथेच ठरतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीनुसार एक वर्षाखालच्या तीन बाळांमागे एक, एक ते तीन वर्षांच्या चार मुलांमागे एक आणि तीन वर्षांच्या सात मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी. आपल्याकडे बऱ्याच पाळणाघरांना हे जमत नाही, पण तुलना करायला हा आकडा उपयोगी पडतो.

आकडे लक्षात राहत नसतील तर एक सोपी कसोटी वापरा. आत्ता या क्षणी सगळ्यांना बाहेर पळावे लागले, तर न चालणारी बाळे कोण उचलणार? एका बाईच्या दोन हातांत दोनच बाळे मावतात. पाच रांगती बाळे आणि एकच मावशी असेल तर उरलेली तीन आतच राहतील.

कोयनेच्या माणसाला ही कसोटी समजावून सांगावी लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात इथे दीडशेहून अधिक माणसे दगावली. लहानमोठे धक्के आजही जाणवतात.

हे प्रश्न विचारा:
- सकाळी उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना किती जण असतात?
- मावशी स्वयंपाकात किंवा अंघोळीला असताना मुलांजवळ कोण असते?
- एखादी मावशी आजारी पडली तर तिच्या जागी कोण येते?
- घरात आणखी कोण राहते, कोण येते-जाते? घरगुती पाळणाघरात हा प्रश्न संकोच न करता विचारा.
- इथल्या मावशी किती दिवसांपासून काम करतात? दर दोन महिन्यांनी माणसे बदलत असतील तर बाळाला कोणाचीच सवय होत नाही. अशा सततच्या बदलामागचे कारणही समजून घ्या.

कॅमेरा आहे, म्हणजे काळजी नाही?

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईने मारहाण केली. ती सीसीटीव्ही चित्रीकरणातून उघड झाली. कॅमेऱ्यामुळे पुरावा मिळाला, पण त्या मुलीचा मार चुकला नाही. घडत असलेली गोष्ट थांबवायला तिथे दुसरे मोठे माणूस हजर असावे लागते. म्हणून दिवसभर एकटीच व्यक्ती मुलांजवळ असेल अशी व्यवस्था शक्यतो टाळा. घरगुती पाळणाघरात ते शक्य नसेल तर दार उघडे असणे, शेजाऱ्यांची ये-जा असणे आणि पालकांना केव्हाही आत येऊ देणे ही त्यावरची राखण आहे.

एक तास बसून पाहा

सकाळी मुले सोडण्याच्या वेळी सगळेच हसतमुख असतात. दुपारी साडेबारा ते दोन या वेळात जा. तेव्हा भरवणे, शी-शू, झोपवणे आणि रडणे एकदम सुरू असते. थकलेली मावशी मुलांशी कशी वागते ते तेव्हा दिसते.

- रडणाऱ्या बाळाकडे कोणी जाते का, आणि किती वेळाने?
- मुलांना नावाने हाक मारतात की "ए, गप बस"?
- मूल मावशीजवळ आपणहून जाते का, की तिला पाहून दचकते?
- टीव्ही किंवा मोबाइल लावून मुलांना बसवले आहे का?
- सगळी मुले भर दिवसा शांत, सुस्त पडलेली आहेत का? लहान मुलांच्या खोलीत थोडा गोंगाट असणे चांगले लक्षण आहे.

"आधी फोन करून या", "आत येऊ नका, मुले रडतात" असे उत्तर नेहमीच मिळत असेल तर तिथे बाळ ठेवू नका.

झोपायची जागा

एक वर्षाखालच्या बाळाला प्रत्येक वेळी उताणे, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवावे. डोक्याखाली उशी नको, तोंडाजवळ सैल गोधडी, दुपटे किंवा मऊ खेळणी नकोत. पालथे झोपलेल्या बाळात झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोका जास्त असतो. पावसाळ्यात गारव्यामुळे बाळावर पांघरुणांचा थर चढवला जातो. त्यापेक्षा अंगात एक जास्तीचा कपडा घालायला सांगा.

साडीच्या झोळीत लहान बाळाची मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा येऊ शकतो. झोळीच्या दोरीत मोठ्या मुलाची मान अडकण्याचाही धोका असतो. झोळी वापरत असतील तर बाळ झोपले की सपाट गादीवर ठेवतात का, ते विचारा. झोपलेल्या बाळांच्या खोलीत अधूनमधून कोणी डोकावते का, तेही पाहा.

स्वच्छता आणि खाणेपिणे

पाळणाघरातले जुलाब बहुतेक वेळा हातांतून पसरतात. लंगोट बदलल्यावर आणि भरवण्यापूर्वी मावशी साबणाने हात धुते का, एवढी एक गोष्ट नीट पाहा. लंगोट बदलायची जागा स्वयंपाकाच्या ओट्यापासून वेगळी हवी. पिण्याचे पाणी उकळलेले किंवा शुद्ध केलेले आणि झाकलेले असावे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते तेव्हा काय करता, हे मुद्दाम विचारा.

- काढून ठेवलेले आईचे दूध खोलीच्या तापमानाला चार तासांपर्यंत आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालते. उन्हाळ्यात बाहेर ठेवायचा वेळ कमी धरा. डब्यावर बाळाचे नाव आणि वेळ लिहा.
- बाळाने उष्टे केलेले दूध पुन्हा देऊ नये.
- शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, गोळ्या-चॉकलेट, खोबऱ्याचे तुकडे चार-पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत. घशात अडकून जीव जाऊ शकतो.
- पळत असताना किंवा आडवे झोपवून भरवू नये.

शेतीची औषधे, फिनेल, रॉकेल स्वयंपाकाच्या सामानापासून दूर, कुलपात हवीत. जुलै २०१३ मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या तेलात कीटकनाशक मिसळल्याने २३ मुले दगावली. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी खाण्यापिण्यासाठी वापरू नये. पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेले फिनेल दिसले तर तिथल्या तिथे सांगा.

घर आणि परिसर

*पाणी:* भरलेली बादली, टब, उघडी टाकी यांत रांगते बाळ डोक्यावर पडले तर त्याला बाहेर येता येत नाही. काही इंच पाणीही पुरते आणि बहुतेकदा आवाज होत नाही. न्हाणीघराचे दार बंद आणि वापर नसताना बादल्या उपड्या असाव्यात. ओढा किंवा कालवा जवळ असेल तर फाटकाला मुलांच्या हाती न लागणारी कडी हवी.

*पाऊस:* कोयनानगरला वर्षाला साधारण ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते आणि दमा असलेल्या मुलांचा त्रास वाढतो. ओल घालवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणे धोक्याचे आहे, कारण त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो आणि झोपेतच गुदमरायला होते. ओल्या भिंतीतल्या विजेच्या खटक्यांचीही चौकशी करा.

*दरड आणि रस्ता:* जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. डोंगराच्या पायथ्याला खेटून असलेले घर पावसाळ्यात पाळणाघरासाठी नको. रस्ता बंद झाला आणि पालक संध्याकाळी पोहोचले नाहीत, तर मुलांची रात्रीची सोय काय, हे आधीच ठरवून घ्या.

*भूकंप:* कपाटे आणि फडताळे भिंतीला पक्की केलेली असावीत. मुलांच्या गाद्यांच्या वर जड वस्तू, गॅसची टाकी, आरसा नको. बाहेर मोकळी जागा कुठे आहे, हे प्रत्येक मावशीला माहीत हवे.

*आग:* जुलै २००४ मध्ये तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून लागलेल्या आगीत ९४ मुले गेली. स्वयंपाकघर मुलांच्या खोलीपासून वेगळे आहे का, बाहेर पडायला दुसरे दार आहे का आणि ते सामान ठेवून अडवले तर नाही ना, हे पाहा.

*साप-विंचू:* सरपण, विटांचे ढीग, वाढलेले गवत भिंतीलगत नको. गाद्या झटकून घालाव्यात, मुलांच्या चपला-बूट झटकून घालायला द्यावेत. लाल विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे असे होऊ लागले तर ते जिवावर बेतू शकते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे यावर प्राझोसिन या गोळीने उपचार होऊ लागले आणि असंख्य मुले वाचली. पण त्यासाठी मूल वेळेत दवाखान्यात पोहोचले पाहिजे. साप चावल्यास घट्ट आवळून बांधणे, चिरा देणे, चोखणे यातले काहीही करू नये. चावलेला भाग न हलवता थेट रुग्णालय गाठावे.

आजारी मुलांबद्दल काय नियम आहेत?

पाळणाघरात गेल्यावर पहिल्या वर्षी मुलाला आठ-दहा वेळा सर्दी-खोकला होऊ शकतो. तेवढ्यावरून पाळणाघर वाईट ठरत नाही. आजारी मुलाला घरी ठेवायचा नियम तिथे आहे का, यावर मात्र बरेच अवलंबून असते. हा नियम आपल्याला गैरसोयीचा वाटला तरी तो आपल्याच बाळाला वाचवतो.

- ताप: औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हाच परत पाठवा.
- जुलाब-उलट्या: थांबून शी लंगोटात मावण्याइतकी होईपर्यंत घरी.
- कांजिण्या: सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी.
- गोवर: पुरळ आल्यापासून किमान चार दिवस घरी.
- गालगुंड: सूज आल्यापासून पाच दिवस घरी.

प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचे कार्ड मागणारे पाळणाघर चांगले समजा. नऊ महिन्यांनंतरची गोवर-रुबेला लस आणि १६ ते २४ महिन्यांदरम्यानचा दुसरा डोस झाला आहे का, ते आपल्या कार्डावरही तपासा.

औषध कोण देते?

तुम्ही लिहून दिल्याशिवाय पाळणाघरात कोणतेही औषध दिले जाऊ नये. औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ कागदावर लिहून सही करा. "रडत होता म्हणून थोडे सर्दीचे औषध दिले" हे वाक्य ऐकून सोडून देऊ नका. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी झोप येते आणि लहान बाळाचा श्वास मंदावू शकतो. दोन वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नयेत. घुटी, अफूचा अंश असलेली कोणतीही वस्तू किंवा झोपेचे औषध तर मुळीच नको.

तातडीच्या वेळी

भिंतीवर पालकांचे फोन क्रमांक, १०८ रुग्णवाहिका आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा क्रमांक लावलेला असावा. पाटण किंवा कराडला नेण्यासाठी गाडी कोणाची, हे ठरलेले असावे. मावशींपैकी एकीला तरी घशात अडकलेले काढण्याची पद्धत यायला हवी. एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली धरून पाठीवर पाच थापा, मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच दाब, असे आळीपाळीने करतात. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये. ही पद्धत आरोग्य केंद्रात दाखवून मागा आणि स्वतःही शिका.

बाळाला न्यायला कोण येणार, त्यांची नावे लिहून द्या. "मी त्याचा मामा" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती मूल देत नाहीत ना, याची खात्री करा.

बाळ सांगू शकत नाही, पण अंग सांगते

पहिले दोन-तीन आठवडे सोडताना रडणे, रात्री जास्त चिकटणे, भूक कमी होणे हे साधारण असते. शक्य असेल तर पहिला आठवडा रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्या. चालत्या मुलाच्या गुडघ्या-नडगीवर, कपाळावर खरचटणे हेही नेहमीचेच. पुढील गोष्टी मात्र वेगळ्या आहेत:

- चार महिन्यांखालच्या बाळाच्या अंगावर कुठेही काळानिळा डाग
- चार वर्षांखालच्या मुलाच्या कानावर, मानेवर, छाती-पोट-पाठीवर किंवा कुल्ल्यांवर डाग
- बोटांचे, चाव्याचे वळ, किंवा सरळ कडा असलेला भाजल्याचा डाग
- गुप्तांगाजवळ दुखणे, रक्त, सूज, किंवा एखाद्या ठरावीक माणसाची अचानक भीती
- घडलेल्या इजेशी न जुळणारे किंवा दर वेळी बदलणारे स्पष्टीकरण

बाळाला रागाने गदागदा हलवल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो आणि बाहेरून एकही जखम दिसत नाही. सतत उलट्या, न उठण्याइतकी सुस्ती, झटके, अंग ढिले पडणे किंवा टाळू फुगणे यांपैकी काही दिसले तर लगेच रुग्णालयात जा.

संशय आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बाळाला अंघोळ घालण्याआधी आणि कपडे न धुता आणा. उपचारासाठी आधी पोलीस तक्रार हवी अशी अट नाही. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणे डॉक्टरांसह प्रत्येकाला बंधनकारक आहे. १०९८ या क्रमांकावर मुलांसाठी मदत मिळते, ११२ वर पोलीस. "गावात बोलले जाईल" म्हणून गप्प राहिल्यास तिथली इतर मुले त्याच हातांत राहतात.

शेवटी निर्णय कसा घ्यावा?

सगळे निकष पूर्ण करणारे पाळणाघर लहान गावात मिळणे अवघड आहे. रंगीत भिंती, खेळणी, इंग्रजी गाणी यांवर तडजोड करा. पुरेसे हात, उताणी झोप, पाण्यापासून संरक्षण, न विचारता औषध न देणे आणि पालकांसाठी उघडे दार या गोष्टींवर करू नका.

शेजारची काकू बाळ सांभाळणार असेल तर हा लेख तिच्यासोबत बसून वाचा. चूक काढायला आलोय असे तिला वाटू देऊ नका. बादली उपडी ठेवणे, कपाट भिंतीला ठोकणे, फोन क्रमांक लावणे ही कामे दोघांनी मिळून एका रविवारी होतात. तिला वेळेवर आणि नीट मोबदला द्या, संध्याकाळी ठरल्या वेळी बाळाला घेऊन जा. थकलेल्या, एकट्या पडलेल्या बाईच्या हातून चुका जास्त होतात.

रोज संध्याकाळी बाळाला घेताना दोन मिनिटे थांबून विचारा: काय खाल्ले, किती झोपला, शी कशी झाली, आज कुठे पडला का? या चार प्रश्नांची सवय लागली की मावशीही लहानसहान गोष्टी आपणहून सांगू लागते.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या बाळाला दमा, झटके, ॲलर्जी किंवा हृदयाचा आजार असेल तर पाळणाघरात ठेवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि तातडीच्या वेळी काय करायचे ते लिहून घेऊन पाळणाघरात द्या.*